गाडीची पन्नाशी

दिल्लीत पेट्रोलची मोटार 15 वर्षांची होईपर्यंत वाहन असते, तिथून 50 वर्षांपर्यंत गुन्हा असते आणि पन्नाशी उलटली की राष्ट्राचा ठेवा होते. हा कुणी केलेला विनोद नाही, नियमांची साधी बेरीज आहे. राष्ट्रीय हरित लवादानं 2014 मध्ये 15 वर्षांवरच्या गाड्यांना राजधानीच्या रस्त्यांवरून हाकललं, 2015 मध्ये डिझेलवाल्यांची मर्यादा 10 वर्षांवर आणली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. पुढे 2021 च्या जुलैत रस्ते वाहतूक मंत्रालयाला म्हाताऱ्या गाड्यांचा पुळका आला. 50 वर्षांवरच्या खासगी दुचाकी आणि चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नावाची वेगळी नोंदणी निघाली: 20,000 रुपये भरा, 10 वर्षांची नोंदणी घ्या आणि नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ मिरवा. मधल्या 35 वर्षांत गाडीनं कुठे तोंड लपवायचं, याबद्दल दोन्हीकडचे कागद मौन बाळगतात. रामाचासुद्धा वनवास 14 वर्षांत आटोपला होता.

या नियमांचं मर्म कळायला लक्ष्मीबाई नगरासारखी जागा नाही. आयएनए बाजार आणि सरोजिनी नगर यांच्या मधली ही केंद्र सरकारी नोकरांची वसाहत. नाव मोरोपंत तांब्यांच्या मुलीचं, म्हणजे घोड्यावर मांड ठोकणाऱ्या बाईचं. राहणारे मात्र फायलींवर मांड ठोकलेले. समजा, इथल्या एखाद्या ब्लॉकसमोर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. एक 2008 ची वॅगन आर, कुणा जोशी-कांबळ्यांपैकी सेक्शन ऑफिसरची. सकाळी उद्योग भवन, संध्याकाळी आयएनएतून भाजी, गावाकडचं कुणी आलं तर नवी दिल्ली स्टेशन. दुसरी 1969 ची डॉज चार्जर, संग्राहकानं पैसा ओतून नवीकोरी केलेली अमेरिकन मसल कार. लांबी सव्वापाच मीटरहून थोडी जास्त, म्हणजे वॅगन आरची जागा खाऊन शिवाय दोन स्कूटर हुसकावून लावणारी. इंजिन 7.2 लिटरचं, जोशी-कांबळ्यांच्या इंजिनाच्या जवळजवळ सातपट. यातली कोणती गाडी सरकारच्या लेखी पर्यावरणाला धोका आहे आणि कोणती जपण्याजोगी, हे आता सांगायला नको. माझं म्हणणं एवढंच आहे की दिल्लीत गाडी रोज कामाला येते हाच तिचा खरा अपराध आहे, आणि या एका बाबतीत सरकार आणि संग्राहक यांच्यात कमालीचं एकमत आहे.

आधी ही मसल कार काय चीज आहे ते पाहू. 1964 च्या सुमारास जनरल मोटर्समध्ये अंतर्गत नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून मोठं इंजिन बसवायचं नाही. त्यांच्याच पॉन्टियाक विभागातल्या मंडळींनी टेम्पेस्ट नावाची चारचौघींसारखी गाडी घेतली, तिच्यात 389 घनइंचांचं, सहा लिटरहून मोठं धूड कोंबलं, आणि वरिष्ठांना सांगितलं की हे गाडीचा भाग नव्हेच, हे तर गिऱ्हाइकानं हवं तर घ्यायचं ऐच्छिक सामान आहे. किंमत 300 डॉलरच्या आत. ‘जीटीओ’ या नावानं ते सामान तुफान खपलं. लक्ष्मीबाई नगरातल्या कुणाही मुरलेल्या अधिकाऱ्याचे डोळे हे वाचून पाणावतील: नियम शाबूत, काम फत्ते, फायलीवर आक्षेप घ्यायला जागा नाही. मग फोर्ड, शेवरोले, डॉज, प्लिमथ सगळेच या धंद्यात उतरले. क्रायस्लरचं ‘हेमी’ इंजिन कागदोपत्री 425 अश्वशक्तीचं होतं आणि जाणकारांच्या मते कागद कमीच सांगत होता. एवढे घोडे कशासाठी? सिग्नल हिरवा झाल्यावर पुढच्या पाव मैलात, म्हणजे 402 मीटरांत, शेजारच्या पोराला मागे टाकण्यासाठी. वळण घेणं आणि थांबणं हे प्रकार या गाड्यांनी फारसे मनावर घेतलेले नव्हते. विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले, 1970 चा हवा शुद्धीकरणाचा कायदा आला, 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि दहा वर्षांत खेळ आटोपला.

थोडक्यात, ही विशीतल्या पोरांना परवडावी म्हणून काढलेली, घाईघाईनं जोडलेली, स्वस्तातली गाडी. तिला पुन्हा पूर्ववत करणं म्हणजे करोल बागेत नेऊन डेंटिंग-पेंटिंग करून आणणं नव्हे. आधी तिचा नट न् नट सुटा करतात. सांगाडा लोखंडी चौकटीत अडकवून उलटापालटा फिरवतात, म्हणजे पोटाखालचा गंजही सुटायचा नाही. चासीवरचा नंबर, इंजिनावरचा नंबर, गिअरबॉक्सवरचा नंबर यांची कुंडली जुळली तर किंमत चढते. न जुळली तर गाडी कितीही देखणी असो, सोयरीक मोडली. इथवर समजण्यासारखं आहे. पुढची पायरी विलक्षण आहे. 1969 मध्ये कारखान्यातल्या तपासनिसानं ‘पाहिलं’ म्हणून खडूनं मारलेली रेघ होती, तर ती रेघ त्याच जागी, त्याच तिरकेपणानं पुन्हा मारतात. रंगाऱ्यानं कंटाळून बोनेटच्या आतल्या बाजूला फवारा अर्धवट सोडला होता, तर आजचा कुशल रंगारी तो कंटाळा हुबेहूब रंगवतो आणि त्याची मजुरी त्या मूळ रंगाऱ्याच्या कैक पटीनं घेतो. स्पार्क प्लगच्या वायरींवर तेव्हा कोणत्या वर्षाच्या कोणत्या तिमाहीत बनल्या ते छापलेलं असे; म्हणून आज नव्या वायरी तयार होतात आणि त्यांवर 1968 ची तिसरी तिमाही छापून मिळते. सरकारी कचेरीत मागची तारीख टाकली तर चौकशी बसते. इथे त्यासाठी गुण देतात.

एवढं करून गाडी तयार झाली की ती चालवायची नसते. हे संग्राहकाच्या लहरीवर नाही, बाजाराच्या गणितावर ठरतं. ‘बुलिट’ या 1968 च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीननं पळवलेली फोर्ड मस्टँग 1974 मध्ये न्यू जर्सीतल्या एका कुटुंबानं सहा हजार डॉलरच्या आसपास विकत घेतली, आणि घरातली बाई ती घेऊन शाळेत शिकवायला जात असे. खुद्द मॅक्वीननं पत्र लिहून गाडी परत मागितली, तरी ती दिली नाही, कारण शाळेत जायला गाडी लागतेच. 1980 मध्ये क्लच गेला आणि गाडी उभी राहिली. जानेवारी 2020 मध्ये लिलावात तिच्यावर हातोडा पडला तो 34 लाख डॉलरला. सहा वर्षं बाईंना शाळेत पोचवताना तिची किंमत फारशी वाढली नव्हती. चाळीस वर्षं जागेवर बसून वाढली. बुलिटची मस्टँग रिस्टोअर केलेली नव्हती हेही नोंदवायला हवं: मळक्या रंगासह, खरचटलेल्या पत्र्यासह, आहे तशी विकली गेली. म्हणजे पैसा खर्चून गाडी जुनी दाखवण्यापेक्षा चार दशकं काहीच न करणं अधिक किफायतशीर. हे तत्त्व सरकारी वसाहतीत कुणाला नव्यानं समजावून सांगावं लागेल असं वाटत नाही.

आता आपला 2021 चा नियम पाहा. व्हिंटेज नोंदणीची गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, देखभाल आणि इंधन भरणं, एवढ्याच कारणांसाठी तिला दाराबाहेर पडायची मुभा. यातलं इंधन भरण्याचं कलम मला विशेष आवडतं. चार्जरसारखी गाडी एका लिटरला चार-पाच किलोमीटर जाते. तिला पंपावर न्यायला पेट्रोल लागतं, तिथून आणायला लागतं, आणि ते भरून काढण्यासाठी पुन्हा पंपावर न्यावं लागतं; हा सगळा प्रवास पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि नुसता एवढाच केला तरी चालतो. पेट्रोलही साधं चालत नाही. तिच्या इंजिनाची घडण शिसं घातलेल्या, चढ्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर झालेली. शिसं तर दिल्लीतून 1998 मध्येच गेलं, आणि आता साध्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, जे साखर कारखानदारांना मानवतं पण जुन्या कार्बोरेटरच्या रबरी नळ्यांना नाही. इंडियन ऑइलनं डिसेंबर 2020 मध्ये 100 ऑक्टेनचं पेट्रोल दिल्लीत आणलं तेव्हा भाव 160 रुपये लिटर होता. त्या हिशेबानं सेक्शन ऑफिसरानं चार्जर उद्योग भवनात नेली असती तर महागाई भत्ता तिच्या नावानंच काढावा लागला असता.

यावर पहिला आक्षेप येईल तो रास्तच आहे. व्हिंटेज गाड्या असतात किती? वर्षाकाठी पळतात किती? लाखो जुन्या गाड्या रोज धूर ओकतात, त्यांच्यापुढे हिवाळ्यातल्या एका रविवारी इंडिया गेटजवळ दिसणाऱ्या चार-दोन गाड्यांचा धूर तो काय? मान्य. पण मग मोजायचं काय, हे आपोआप ठरलं: किती धूर आणि किती किलोमीटर. वय हे माप गळून पडलं. चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धूर गाळणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर 1995 पासून सक्तीचं आहे, तेव्हा जोशी-कांबळ्यांच्या गाडीत ते आहे. चार्जरमध्ये नाही, कारण अमेरिकेतच ते 1975 च्या मॉडेलांपासून सर्रास आलं. आणि कमी पळणं हा बचाव ग्राह्य धरायचा तर निवृत्तीनंतर सीजीएचएसच्या दवाखान्यापलीकडे न जाणाऱ्या गाडीनं तो का मांडू नये? निदान ती एका फेरीत तीन म्हातारी माणसं नेते.

न्यायालयालाही हे जाणवलेलं दिसतं. 1 जुलै 2025 पासून मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर पेट्रोल द्यायचं नाही असा फतवा निघाला, नंबर टिपायला पंपांवर कॅमेरे बसले, आणि काही दिवसांतच सरकारनं स्वतःच तो गुंडाळला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं निव्वळ वयावरून सक्तीची कारवाई नको म्हणून सांगितलं. डिसेंबरमध्ये ही सवलत बीएस-4, म्हणजे ‘भारत स्टेज’ या धुराच्या मानकांतली चौथी पायरी, आणि त्यापुढच्या गाड्यांपुरती केली. म्हणजे वयाऐवजी इयत्ता आली, हे बरंच झालं. फक्त दिल्लीत बीएस-4 आलं 2010 मध्ये, त्यामुळे 2008 ची वॅगन आर तिसरीतच नापास. आणि चार्जर? भारत स्टेजची शाळा निघाली तेव्हा ती तिशी ओलांडून गेली होती. जिचं नाव हजेरीपटावरच नाही तिला नापास कोण करणार?

दुसरा आक्षेप वारशाचा, आणि तो पहिल्याहून वजनदार. जुनी यंत्रं जपली पाहिजेत, नाही तर पुढच्या पिढीला कळायचं कसं? खरं आहे. हातानं पत्रा ठोकून मडगार्डचा बाक जमवणारे मिस्त्री, कार्बोरेटरचा सूर कानानं लावणारे मेकॅनिक यांची विद्या अशा गाड्यांमुळेच टिकून आहे. लॅपटॉप जोडून गाडीचं दुखणं वाचणाऱ्याला ती येत नाही. गुडगावपलीकडे तावडूला 2013 पासून वाहनांचं खासगी संग्रहालय आहे, तिथे शाळेच्या सहली जातात, ते उत्तमच. पण वारसा कुणाचा, एवढं विचारायला हरकत नसावी. अमेरिकन संग्राहक साठीत मसल कार घेतो तेव्हा सतराव्या वर्षी बापानं न घेऊन दिलेली गाडी घेत असतो. आपल्याकडे त्या काळात काय होतं? क्रायस्लरशी करार करून वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडायला घेतल्या होत्या, पण ती चाळिशी-पन्नाशीच्या दशकांतली गोष्ट. जनरल मोटर्सनं शिवडीचा कारखाना 1954 मध्ये बंद केला. डेट्रॉइटमध्ये जीटीओ निघाली तेव्हा आपल्याकडे ॲम्बेसेडर, फिआट आणि हेरल्ड अशा तीन नमुन्यांत देश बसत होता, तोही नंबर लागल्यावर. मोठी अमेरिकन गाडी दिल्लीत दिसायची ती चाणक्यपुरीत, वकिलातीच्या साहेबाची. साहेब बदलून गेला की ती स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली जायची आणि मुंबईला जाऊन सिनेमात खलनायकाची इंपाला व्हायची. सरकारी वसाहतीतल्या कारकुनाची त्या काळातली अश्वशक्ती म्हणजे सायकल. त्यामुळे आज इथला संग्राहक चार्जर पाहून गहिवरतो तेव्हा तो ‘फास्ट अँड फ्युरियस’ पाहून उसन्या आणलेल्या तारुण्यासाठी गहिवरतो. उसनं असलं म्हणून खोटं म्हणता येत नाही. पण त्याला राष्ट्राचा ठेवा म्हणताना जीभ जरा अडखळावी.

गंमत अशी की 50 वर्षांची रेघ दर वर्षी पुढे सरकते, आणि सध्या ती नेमकी मसल कारच्या अंगावरून गेली आहे. पूर्वी 1950 च्या आधी बनलेल्या गाड्याच व्हिंटेज म्हणून आयात करता येत. तेव्हा चार्जरला दार बंद होतं. 2025 मध्ये तिथेही 50 वर्षांची अट आली आणि 1964 ते 1974 ची सगळी धटिंगण मंडळी एका दमात आदरणीय झाली. दिल्लीतली स्टेट्समनची जुन्या गाड्यांची रॅली 1964 मध्ये सुरू झाली, जीटीओच्याच वर्षी. त्या वर्षी कुणी जीटीओ घेऊन तिथे गेला असता तर त्याला रस्त्याच्या कडेला गाडी लावून रॅली बघायला सांगितलं असतं.

राहिला शेवटचा आक्षेप: दिल्लीत चालत नसेल तर गाडी ना हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यात न्यावी. लोक नेतातच. जोशी-कांबळ्यांची वॅगन आर दिल्लीच्या हद्दीत अपराधी, पण साताऱ्याला पुतण्याकडे पोचली की आरटीओत पासिंग होतं, पर्यावरण कर भरला जातो आणि आणखी पाच वर्षं ती निर्धास्त आले-लसूण वाहते. साताऱ्याच्या फुप्फुसांबद्दल कुणाचं काय मत आहे ते कळायला मार्ग नाही. पण यातून माझाच मुद्दा पुढे सरकतो. गाव बदललं की तीच गाडी तरुण होते, तर तिच्या म्हातारपणाचा वयाशी संबंध होताच कुठे?

आणि आता 2033 चा विचार करा. डिसेंबर 1983 मध्ये गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती 800 निघाली. किल्ली इंदिरा गांधींच्या हातून मिळाली, गिऱ्हाईक लक्ष्मीबाई नगरापासून फार लांब नसलेल्या ग्रीन पार्कचा, गाडीची किंमत 50,000 रुपयांच्या आतबाहेर. ती गाडी कंपनीनं आता पूर्ववत करून आपल्या मुख्यालयात ठेवली आहे. हिला अमेरिकन तारुण्याची उसनवारी लागत नाही; दोन पिढ्यांची लग्नं, बाळंतपणं आणि शिर्डीच्या वाऱ्या हिच्या डिकीत झाल्या आहेत. डिसेंबर 2033 मध्ये ही गाडी पन्नाशी गाठेल आणि 20,000 रुपये भरून, म्हणजे जन्माच्या किमतीच्या पाच आण्यांत दोन आणे भरून, वारसा म्हणून नोंदवता येईल. अडचण एकच. पन्नाशी गाठायला पंधरावं ओलांडावं लागतं, आणि दिल्लीतल्या मारुत्या तर भंगारात चालल्या आहेत.

पण संग्राहकाच्या डोळ्यांनी पाहिलं तर ही अडचण नव्हे, गुंतवणूक आहे. ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या अमेरिकन मालिकेनं 1979 पासून उड्या मारून मारून चार्जर गाड्यांचा शेकड्यांनी चुराडा केला, आणि उरलेल्यांचे भाव वाढायला तेही एक कारण झालं. दिल्ली सरकार मारुती 800 साठी तेच काम चित्रीकरणाशिवाय करत आहे. 2033 मध्ये ज्या शहाण्यानं साताऱ्याच्या गोठ्यात एखादी झाकून ठेवली असेल त्याची चांदी आहे. परीक्षक येतील, चासी आणि इंजिनाचे नंबर जुळवतील, डॅशबोर्डवरचा गणपती डबल टेपवर आहे की मागाहून फेविक्विकनं चिकटवला ते भिंगातून पाहतील, मागच्या काचेवरचा ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ मूळ रेडियमचा आहे का ते नखानं खरवडतील, आणि कारखान्यातून आलेलं सीटवरचं प्लास्टिक पन्नास वर्षांत घरातल्या कुणीही फाडू दिलेलं नाही असं आढळलं तर पैकीच्या पैकी गुण देतील.